कोरडे केस

कंगवा केसांवर घासून घासून शिवकन्येचा हात दुखला, तरी टेबलावरचे कागदाचे कपटे ढिम्म हलेनात. "बाई, माझ्यात वीज नाहीच वाटतं," ती म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला.

दुधगावकर बाई हसल्या नाहीत. आजारपणानंतर आज त्या पहिल्यांदाच शाळेत आल्या होत्या, आणि विद्युतप्रभाराचा धडा नुसता वाचून दाखवायचा नाही, हे त्यांनी दवाखान्याच्या खाटेवरच ठरवलं होतं. त्यांनी बाकांवरून नजर फिरवली. मुलींच्या या शाळेत चापूनचोपून तेल आणि दोन वेण्या हा शिरस्ताच होता. तेलकट केसांवर कंगवा नुसताच सरकतो, प्रभार काही जमत नाही.

"कोरडे केस कुणाचे आहेत गं?"

एकही हात वर आला नाही.

बाईंचा हात डोक्याच्या रुमालापाशी जाऊन थबकला. तो रुमाल त्यांनी अजून नवऱ्यासमोरही काढला नव्हता. मग त्यांनी गाठ सोडली. औषधांनी गेलेल्या केसांच्या जागी तान्ह्याच्या जावळाएवढे केस नुकते उगवले होते. त्यांना तेलाचा थेंबही ठाऊक नव्हता. बाईंनी दुसरा, कोरा कंगवा घेतला, डोक्यावरून खसाखसा फिरवला आणि कपट्यांजवळ नेला.

कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटले.

मुली कपट्यांकडे नाही, बाईंच्या डोक्याकडे बघत होत्या. बाईंना रुमाल पुन्हा बांधावासा वाटला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, इकडं दिसलंच नाही. परत दाखवा ना."

बाईंनी रुमाल पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि कंगवा पुन्हा डोक्याला लावला.