पिवळं आणि पांढरं

पांढरं म्हणजे मोकळं, हे लॅबच्या शंतनू सरांनी दोनदा बजावलं होतं. तनुजा पडद्याकडं बघतच राहिली. सुदर्शनचा भाग जवळजवळ सगळाच पांढरा होता.

तिनं माउसवरचा हात चटकन काढून घेतला. आपल्याच हातून काही पुसलं गेलं की काय? पण अजून तर तिनं कुठलंच बटण दाबलं नव्हतं. सरांनी दिलेला पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केला होता, एवढंच. समोर हार्ड डिस्कची लांब पट्टी उमटली होती. भरलेली जागा पिवळी, रिकामी पांढरी.

डिस्कचे दोन भाग तिच्या नवऱ्यानं, सुदर्शननंच केले होते, नोकरीसाठी बंगलोरला जाण्याआधी. कॉम्प्युटर चालू केला की तो विचारायचा, कुठलं विंडोज उघडू? वरचं सुदर्शनचं, पासवर्ड लावलेलं. खालचं तिचं. हजार जीबीतले आठशे त्याचे, कारण त्याचं ऑफिसचं काम मोठं. उरलेल्या दोनशेत तनुजाचं आणि लेकीचं, मनस्विनीचं भागायचं. जागा संपली की ती मनूचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायची आणि एखादा पुसायची. रांगतानाचे तीन होते, त्यातला एक ठेवला. नवऱ्याच्या भागाला मात्र तिनं दोन वर्षांत कधी हात लावला नाही.

पुरवून वापरायची सवयच पडली होती म्हणा. बीड बायपासला इमारतींवर इमारती उठल्या, नळ काही आले नाहीत. त्यात दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. टँकर आठवड्यातून दोनदा. दोन ड्रमांत मायलेकी सगळं भागवायच्या आणि तिसरा ड्रम सुदर्शनसाठी भरलेला असायचा. न सांगता आला तर निदान आंघोळीला पाणी हवं. टँकरच्या दिवशी त्यातलं शिळं पाणी ती कपड्यांना काढायची आणि ड्रम पुन्हा काठोकाठ भरून ठेवायची. खालच्या मजल्यावरच्या केसरबाईंनी परवाच पाइप धरल्या धरल्या विचारलं होतं, “साहेब कवा येणार म्हणं? टँकर बी बिचारा वार सांगून येतोय.” तनुजानं हसून सांगितलं, पावसाळ्यात.

पाऊस लागला की तो घरूनच काम करणार होता. कंपनीशी बोलणं झालंय, असं त्यानंच सांगितलं होतं. त्या शब्दावर ती इथं तग धरून होती. भाऊ गंगापूरहून जीप घेऊन न्यायला आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं. मनूचं नाव इथल्याच बालवाडीत घातलं.

आणि आता तिला पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काम लागलं होतं, सोमवारपासून. तिथं सगळं विंडोजऐवजी लिनक्सवर चालतं. हात बसावा म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर तिसरी सिस्टीम टाकायची, सुदर्शनच्या भागातले फक्त चाळीस जीबी घेऊन. पिवळ्याला धक्का लागला नाही म्हणजे झालं, असं सर म्हणाले होते.

पण पिवळं होतंच कुठं? डाव्या कडेला बोटभर.

पेनड्राइव्हवरची सिस्टीम सुदर्शनचा पासवर्ड विचारत नव्हती. तनुजा जरा घुटमळली. दुसऱ्याचं कपाट उघडल्यासारखं वाटत होतं. तरी तिनं उघडलं. त्याच्या मागं उभं राहून बघता बघता फोल्डरांची नावं तिला पाठ झाली होती. ऑफिसचं काम नव्हतं. प्रमाणपत्रं नव्हती. त्याची गाणी नव्हती. पिशोरच्या शेताचे सातबारेही नव्हते. विंडोजचं स्वतःचं सामान सोडलं तर एकच फोल्डर उरला होता, ‘तनू-मनू’. बारसं, पहिला वाढदिवस, दौलताबादच्या पायथ्याशी उसाचा रस पिताना तिघं. चारशे बारा फोटो. त्यातला एकही जागचा हलला नव्हता.

इतकं निवडून काही आपोआप पुसलं जात नाही.

शेवटच्या बदलाची तारीख भाऊबिजेची होती. दिवाळीला घरी आलेला तो त्या दुपारी आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसला होता. मशीन हळू झालंय, जरा साफ करतो, म्हणाला. तिनं दोनदा चहा नेऊन ठेवला. दुसऱ्यांदा नेला तेव्हा शेजारी एक काळी छोटी डिस्क लावलेली दिसली. तिनं कप तेवढा त्या डिस्कपासून लांब सरकवला होता, सांडू नये म्हणून.

जपून ठेवायला नेलं असेल. घाईत सांगायचं राहिलं असेल. तसं असेल तर विचारल्यावर सांगेल, त्यात काय. तनुजानं फोन लावला. लॅबचं सांगितलं, लिनक्सचं सांगितलं, थोडी जागा लागेल म्हणाली. पुढचं विचारणार, तेवढ्यात तोच बोलला.

“माझ्या भागाला हात नको लावू हं, तनू. माझं सगळं तिथंच आहे.”

“सगळं?”

“मग? अगं, इतक्या वर्षांचं काम आहे. ते कुठं जाणार?”

किती सहज बोलला. हसत, थोडं लटकं रागावून, लहान मुलाला समजावावं तसं. शब्द कुठं अडखळला नाही, आवाज कुठं खाली आला नाही. समोर पांढरी पट्टी नसती तर तिनं डोळे मिटून मान डोलावली असती.

शेजारच्या खोलीत मनू झोपेत कुशीवर वळली. तनुजानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बरं,” ती म्हणाली. “आणि पावसाळ्यात येताय ना तुम्ही?”

“येतोय की,” सुदर्शन म्हणाला. हसत, थोडं लटकं रागावून, तितक्याच सहज.