पहिल्या गोळीच्या आधी

"म्हणजे गोळ्या चुकल्या म्हणून पोरगा गेला, असं नाही?" सुताराने पुन्हा विचारलं.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. ज्या खोकल्याने दोन वर्षांपूर्वी सुताराचा एकुलता एक मुलगा नेला, तोच आता त्याला लागला होता. जंतू तेच आहेत का हे बघायला बाईंनी मुलाचा जुना नमुना फ्रीझरमधून काढला. औषध सुरू होण्याआधी घेतलेला. त्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर तेव्हाचंच औषध घातलं. जंतू खुशाल वाढत राहिले.

"एकाचे दोन होताना जंतू स्वतःची नक्कल काढतात," बाई म्हणाल्या. "अशा कोट्यवधी नकला. एखादीत कधीतरी एक अक्षर चुकतं. आपोआप. औषध समोर असो वा नसो. तेवढ्या चुकीनेही कधी कधी त्या जंतूला औषध लागू पडेनासं होतं. तुमच्या मुलाच्या छातीत पहिल्या गोळीच्या आधीच तसले जंतू भरले होते."

"लाकडातली गाठ," सुतार पुटपुटला. "रंध्याने पडत नाही ती. रंधा मारल्यावर दिसते."

"तसंच. गोळ्या चुकवू नयेतच. पण त्याच्या बाबतीत एकही न चुकवता काही फरक पडला नसता. आज तुम्हाला देतोय ती औषधं तेव्हा आलीच नव्हती. तुम्ही बरे व्हाल."

शेवटचं वाक्य त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे.

सून तेव्हा तिच्या आईच्या मयताला गेली होती. घाईत गोळ्यांची पाकिटं तिच्याच पिशवीत राहिली, आणि मुलाचे चार दिवस औषधाविना गेले. पुढे तो गेला. प्रेत अजून घरात होतं, तेव्हा सुताराने सगळ्यांसमोर तिच्याकडे बोट दाखवलं होतं. "हिनं मारला माझा पोरगा." ती तशीच नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर पडली होती.

आता ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करत होती. सुतार तडक तिथे गेला. निरोप मिळताच ती जिन्याच्या तळाशी येऊन उभी राहिली. किती वाळली होती पोर! ऐन तिशीत केस पांढरे झालेले. तोंडावरचा मास्क न काढता, खोकत खोकत त्याने सगळं सांगितलं. हात जोडले.

"पोरी, तुझा दोष नव्हता. कुणाचाच नव्हता. काहीही केलं असतं तरी तो वाचला नसता. घरी चल."

ती रडेल, आपल्याला वाट्टेल ते बोलेल, एखादी ठेवूनही देईल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. तिने एवढंच विचारलं,

"काहीही केलं असतं तरी?"

"काहीही."

ती हळूच पायरीवर बसली. वर यंत्रांची घरघर चालू होती.

"रोज डोळे मिटले की मी त्यांना त्या गोळ्या देते, बाबा. अगदी वेळेवर. आणि रोज ते बरे होतात. तेवढंसुद्धा आज काढून घेतलंत."