लाखेवरचा ठसा
कृष्णात इटलीच्या लढाईत पडला, आणि सहा महिन्यांनी त्याची पेटी कुंडलला आली. पेटीतलं घड्याळ मात्र त्याचं नव्हतं. मागच्या बाजूला आटपाडीच्या कुणा शिपायाचं नाव कोरलं होतं. कृष्णातची बायको रंगूबाई ते त्या शिपायाच्या घरी धाडायला कापडात बांधून पोस्टात घेऊन आली. पोस्टमास्तर अण्णांनी जुन्या पितळी दिव्यातली बारीक वात पेटवली, लाखेची कांडी ज्योतीवर धरली आणि पहिल्या गाठीवर थेंब पाडला. “विम्याच्या पार्सलावर पाठवणाऱ्याची मोहोर लागते,” ते म्हणाले. “माझी कुठली मोहोर?” म्हणत रंगूबाईनं लाखेवर अंगठा दाबला. “अहो, भाजेल.” “भाजू द्या. आमचं घड्याळबी असंच कुनाकडं गेलं आसंल. त्यांनी धाडावं वाटतं, मग आमी आदी धाडाय पायजे.” अण्णांनी कांडी पुन्हा ज्योतीवर धरली. दुसऱ्या गाठीवर लाख पडताच तिनं अंगठा पुढं केला. “थांबा जरा,” अण्णा म्हणाले, “निवू द्या.”