पालथी नक्षी

पडदा काठोकाठ भरला, मशीन रडल्यासारखे वाजले आणि बूश्ता उस्ताद पुन्हा हरला.

"दोन मिनिटंसुद्धा टिकला नाहीत," हाद्दामावशी पुदिन्याचा चहा ओतत म्हणाली. कॉफीखाना तिचा आणि कोपऱ्यातले ते जुनेपुराणे खेळाचे मशीनही तिचेच. "किती वेळा सांगू? वरून लादी आली की तिला तिच्याच रंगाशेजारी बसवायची. तीन जुळल्या की विरून जातात. शेंबड्या पोरांना कळतं हे!"

"सारख्याशेजारी सारखं ठेवायला मी काय डाळ निवडतोय?" उस्ताद गुरगुरला. "शेजारीण अशी हवी की दोघींचा रंग खुलेल."

"मग हरा."

"हरतोय ना! तुझ्या पोटात का दुखतंय?"

कॉफीखाना हसला. दोन टेबले सोडून बसलेला जिलाली तेवढा हसला नाही. त्याच्यापुढे कागद होता. कागदाच्या चारी कडांना नक्षी होती आणि मधला चौकोन कोरा होता.

गल्लीच्या पाणपोईची लाद्यांची भिंत हिवाळ्यात ढासळली होती. कडा शिल्लक राहिल्या, पण मधला तारा मातीत गेला. काम जिलालीकडे आले. उद्या सकाळी मोहल्ल्याची मंडळी नक्षी बघायला येणार होती. जमली तर ठीक, नाहीतर कारखान्यातले छापील तक्ते आणून चिकटवायचे असे ठरले होते. हातच्या लाद्यांसाठी नावाजलेल्या फेज शहराच्या गल्लीत छापील लाद्या! जिलालीला मग तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्याने घरोघर फोटो मागितले. मोहल्ल्यातल्या एकूण एक लग्नाचा फोटो त्या पाणपोईपुढे काढलेला होता, आणि एकूण एक फोटोत तारा असायचा तिथे नवरी उभी होती.

तारा ठाऊक असलेला माणूस एकच. चाळीस वर्षांपूर्वी ती भिंत लावणारा बूश्ता उस्ताद. जिलाली त्याच्याच हाताखाली पंधरा वर्षे शिकला. मग जिलालीने हातोडी सोडून लाद्या कापायला विजेची करवत आणली. उस्तादने त्या दिवशी मशिदीच्या दारात, साऱ्या कारागिरांसमोर शपथ घेतली, "या कामातला एक शब्द माझ्या तोंडून तुला मिळणार नाही, आणि माझ्या हातोडीने घडलेला लादीचा एक तुकडा मिळणार नाही." करवत केव्हाच विकून झाली. जिलालीने उस्तादच्या हाताचे चुंबन घेऊन माफीही मागितली. उस्तादने तेव्हा डोळे पुसले, पण शपथ ती शपथ.

गेला महिनाभर मात्र म्हाताऱ्याला हे खेळाचे खूळ लागले होते. रोज दुपारच्या नमाजानंतर यायचा, स्टूल बाजूला ओढून तिरका बसायचा आणि हरायचा. डावीकडच्या एका रांगेत नको त्या लाद्या भराभर फेकायचा. ती रांग छताला टेकली की खेळ संपलाच.

"अडगळ साठवून ठेवल्यासारखी काय ती रांग भरता?" हाद्दामावशीने विचारले.

"फुटके तुकडे टाकायला टोपली लागते." उस्तादने नवे नाणे घातले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक मशीनसमोर येऊन उभे राहिले. "बाजूला हो रे! तुझ्या बापाने काचेचं घडवलंय का तुला?"

"तुम्हाला तर दिसतंय, उस्ताद."

"मला दिसून काय उपयोग?"

जिलालीने मान वर केली. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिले, मग मशीनकडे. त्याच्यासमोरून गिऱ्हाईक हटले होते.

डावी रांग टोपली. ती सोडून पाहिले तर उरलेल्या रांगांत पांढरी, निळी, पांढरी, हिरवी. मधोमध मधाच्या रंगाची एक. मशीन रडले, उस्तादने नाणे घातले आणि पुन्हा तेच मांडू लागला. पांढरी, निळी, पांढरी, हिरवी. काल हेच होते. परवाही हेच.

जिलालीने पेन्सिल उचलली. कोरा चौकोन भरत गेला, टोके फुटली आणि तारा उमटला. शेवटचा तुकडा रेखून त्याने कडांशी ताडून पाहिले, आणि त्याचा चेहरा पडला. कडेची वेल उजवीकडे वळत होती, ताऱ्याची टोके डावीकडे. एकही सांधा जुळत नव्हता.

"खूळच आहे," तो पुटपुटला आणि कागदाची घडी घालू लागला.

उस्ताद खोकला. इतक्या जोरात, की हाद्दामावशी पाणी घेऊन धावली. पाण्याकडे न बघता त्याने समोरचा रिकामा पेला उचलला आणि टेबलावर पालथा आपटला.

जिलालीचा हात थांबला. पंधरा वर्षे तो जमिनीवर बसून हेच तर शिकला होता. लादीचे रंगीत तोंड खाली, पाठ वर. सगळी नक्षी पालथी मांडायची, पाठीवर गिलावा ओतायचा, आणि सुकली की उचलून भिंतीला उभी करायची. आयुष्यभर पालथे मांडत आलेला माणूस पडद्याच्या काचेवर तरी सुलटे कसे मांडेल?

त्याने दुसरा पातळ कागद घेतला, तारा त्यावर उतरवला आणि तो उलटा करून दारातल्या उन्हात कडांवर धरला. वेल ताऱ्यात शिरली. एकूण एक सांधा बसला.

"काय रे, काय झालं?" हाद्दामावशीने विचारले. जिलाली म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत राहिला.

उस्तादने वळूनही पाहिले नाही. खिसे चाचपून एक शेवटचे नाणे काढले आणि मशीनमध्ये टाकले. लाद्या पडू लागल्या. निळीला निळी, हिरवीला हिरवी. तीन जुळल्या, विरल्या. पुन्हा तीन, पुन्हा विरल्या. डावी रांग रिकामी, पडदा रिकामा, मशीन आनंदाने किंचाळतेय. गिऱ्हाइके चहा सोडून उठली.

"अगं बाई! म्हणजे येत होतं तुम्हाला?" हाद्दामावशी ओरडली.

"बोलू नकोस मध्ये," उस्ताद म्हणाला. "महिनाभर हरतोय मी. आता एकदा जिंकू दे."