मैद्याची तक्रार

"पत्ता टाकल्याशिवाय पुढे जाऊनच नाही राहिलं हे, आजोबा," अदिती म्हणाली.

"त्यांना माझा पत्ता माहीत आहे," कृष्णकांतराव म्हणाले.

अदितीने त्यांच्या फोनवरून नजर वर केली. ती जवळच्या मौदा गावची, नोकरीसाठी नागपुरात आलेली, वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. दुकानाला माहीत असेल, पण ॲपला नाही, हे तिने त्यांना समजावलं आणि स्वतःच सगळं भरलं. नाव, फ्लॅट, जवळची खूण, पिनकोड.

सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कृष्णकांतराव पत्नी गेल्यानंतर केक करायला शिकले होते. चारुशीलाबाई होत्या तोवर त्यांनी चहासुद्धा केला नव्हता. त्या गेल्या आणि काही महिन्यांत घरात ओव्हन आला. बायकोची आठवण म्हणून करत असतील, असं अदिती धरून चालली होती. त्यांनीही ते कधी खोडून काढलं नाही. त्यांना स्वतःला केक फारसा आवडत नसे. चवीपुरता तुकडा तोंडात टाकून बाकीचा ते शेजारीपाजारी वाटून टाकत.

सामान शहरातल्या सदर भागातल्या एका दुकानातून यायचं. सुरुवातीला सगळं फोनवर. पहिल्यांदा फोन लावला तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं होतं, केकचं सामान घरपोच मिळेल का. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. लाइन गेली असं वाटून ते फोन ठेवणार, तेवढ्यात दुकानवाली बाई म्हणाली, "मिळेल ना, काका. काय काय पाठवू?"

काय काय लागतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग तिनेच एकेक सांगितलं. संध्याकाळी एक ऑटोवाला मैदा, कोको आणि बेकिंग पावडर दारात ठेवून गेला.

तेव्हापासून दर आठवड्याला फोन होई. ती विचारायची, मागचा केक फुगला का. ते सांगायचे, मधेच बसला. मग ओव्हन आधी तापवला होता का, अंडी फ्रीजमधून काढून लगेच फोडली का, असं बोलणं चाले. कधी तिच्यामागे लहान मुलांचा गलका ऐकू यायचा. तो संपेपर्यंत कृष्णकांतराव काहीच मागायचे नाहीत. सामानात बरेचदा न मागितलेलं टुटीफ्रुटीचं एखादं पाकीट निघे. जुन्या गिऱ्हाइकाला देतात असं, अदिती म्हणाली होती.

पुढे दुकानाने व्हॉट्सॲप सुरू केलं. कृष्णकांतराव लिहीत, "केक बरा झाला." तिकडून अंगठा येई. तरी तो अंगठा तिनेच पाठवला असणार, एवढं त्यांना वाटायचं. आणि आता हे ॲप. दुकानाचा जुना नंबर लावला की रेकॉर्ड केलेला आवाज म्हणे, मराठीसाठी एक दाबा.

अदितीला यात वाईट काही दिसेना. उलट सोयच झाली होती. ऑर्डर निघाली की नकाशावर स्कूटर सरकताना दिसे, थोड्या वेळात बेल वाजे, आणणारा माणूस दर वेळी नवा. पूर्वी ऑटोवाल्याची दिवसभर वाट बघावी लागे, हे कृष्णकांतरावांनीच तिला सांगितलं होतं. ते वाट बघणं त्यांना आवडायचं, हे मात्र सांगितलं नव्हतं.

काही आठवडे असेच गेले. मग एका रविवारी ते जिना चढून तिच्याकडे आले आणि दुकानाशी बोलायचं असेल तर काय करावं, म्हणून विचारू लागले. तक्रार असेल तरच तिकडून खरा माणूस बोलतो, ती म्हणाली.

"मग तक्रार कर. मैदा खराब निघाला म्हणून."

त्याच मैद्याचा केक अदितीने सकाळी खाल्ला होता. "काहून, आजोबा? चांगला तर होता."

"कर तू."

तिने केली. लगेच उत्तर आलं, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, नवीन पाकीट पाठवत आहोत. पाकीट आलं. फोन आला नाही. त्यांनी तिला पुन्हा तीच तक्रार करायला लावली. या वेळी खाली रिकाम्या जागेत त्यांनी स्वतः एकेक अक्षर शोधत टाइप केलं: मालकांनी स्वतः येऊन बघावं.

अदितीला ते बरं वाटलं नाही. म्हातारा माणूस एकटा पडला की हट्टी होतो, असं तिने मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केकचा रिकामा डबा परत द्यायला खाली आली होती, तेव्हाच बेल वाजली. तिने दार उघडलं. चाळिशीची एक बाई हेल्मेट हातात धरून उभी होती. दुकान माझं आहे, ती म्हणाली, मैद्याची तक्रार होती ना.

अदितीला कसंनुसं झालं. चूक आमचीच असेल, आजोबांचं वय झालं आहे, तुम्ही मनावर घेऊ नका, असं ती घाईघाईने सांगू लागली. बाईने ते नीट ऐकूनही घेतलं नाही. चपला काढून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरचा डबा उघडून तिने चिमूटभर मैदा बोटांत घोळला, नाकाशी धरला. टेबलापाशी कृष्णकांतराव खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. खोटं पकडलं जाणार म्हणून ते घाबरले आहेत, असं अदितीला वाटलं.

डब्याचं झाकण लावून बाई बाहेरच्या खोलीत आली आणि चारुशीलाबाईंच्या हार घातलेल्या फोटोसमोर थांबली. कृष्णकांतराव तिच्यामागून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"मैदा चांगला आहे, बाबा," ती म्हणाली. "मले नुसतं ये म्हटलं असतं, तर आईच्या वेळीच आली असती."