ओळखपत्राचा फोटो

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफिसात वनमाला सावंत पंधरा वर्षं ओळखपत्रं बनवत होत्या. त्या सकाळी त्यांनी नव्याने लागलेल्या प्रांजलला भिंतीशी एकटीला उभं करून मोबाईलवर फोटो काढला आणि कर्मचाऱ्यांच्या यादीत टाकला. तिथून कॉपी करून कार्डाच्या फाइलमध्ये पेस्ट केला, तर फोटो रुंद होऊन आला. प्रांजलच्या बाजूला कुणाचं तरी कोपर दिसत होतं.

त्यांनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या हर्षदला हाक मारली.

"काकू, क्रॉप केलेला भाग पेस्ट करताना येतो कधीकधी परत," तो म्हणाला.

"मी क्रॉप केलंच नाही रे. आणि तिच्या शेजारी कुणी नव्हतं."

हर्षदने फोटो पुसून पुन्हा पेस्ट केला. आता हिरव्या बांगड्यांचा अख्खा हात आला, प्रांजलच्या खांद्यावर ठेवलेला. वनमालाबाईंनी नकळत आपला हात टेबलाखाली घेतला.

"पुन्हा करू?"

"कर."

या खेपेला बाई पूर्ण आली. तीच आजची साडी, तोच चष्मा. वनमालाबाई शांतपणे कॅमेऱ्याकडे बघत उभ्या होत्या.

हर्षद हसला. "तुम्हीच आहात की! मग फोटो काढला कोणी?"

"मी. प्रांजल, सांग गं याला."

शेजारच्या टेबलावरून प्रांजलने मान वर केली. "तुम्ही कुठे, काकू? तुम्ही माझा खांदा धरून उभ्या होतात ना. फोटो त्या दुसऱ्या बाईंनी काढला."

त्या ऑफिसात बायका दोघीच होत्या.