रिकामी फळी

सामना जिंकणाऱ्यांनी त्या सामन्याचा चेंडू घरी न्यायचा, अशी त्या काळी बेसबॉलची रीतच होती. म्हणून होनोराने भिंतीवरच्या फळीवरची मेणबत्ती हलवून जागा करून ठेवली होती. नवरा बार्टली पगारी संघाचा कप्तान. पण उन्हाळा सरला, झाडं पिवळी पडली, तरी फळी रिकामीच. “यंदा एकही चेंडू घरी आला नाही, तर मी आपला पुन्हा लोखंडाच्या भट्टीवर,” बार्टलीने सांगून टाकलं होतं.

शेवटच्या सामन्याच्या संध्याकाळी त्याने खिशातून चेंडू काढला. होनोराने छातीवर क्रूसाची खूण केली. “देव पावला रे! जिंकलात?”

“कसलं जिंकतोय!” बूट न काढताच तो बाकावर बसला. “त्यांचा कप्तान म्हणाला, ‘हा तुलाच ठेव बाबा. तुमचे नेऊन नेऊन आमच्याकडे ठेवायला जागा उरली नाही.’”

होनोराने मेणबत्ती फळीवर जागच्या जागी ठेवली आणि चेंडू हातात फिरवून पाहिला. एका बाजूची शिवण उसवली होती. ती सुई ओवू लागली.

“आता कशाला शिवतेस तो?”

“पुढच्या उन्हाळ्यात सरावाला लागेल ना,” ती म्हणाली.